भुईवर घेण्याची वेळ

पनवेलच्या एसटी स्टँडवर त्या सकाळी तू भोकाड पसरलं होतंस, शेवंता, आणि तेही माझ्यासाठी नाही. तुला ठाण्याच्या गाडीत बसायचं होतं आणि कुणी बसवत नव्हतं म्हणून. तू नऊ वर्षांची, मी सतराची. बाबाने माझी पत्र्याची ट्रंक गावापासून डोक्यावर आणली होती, कोसभर, खाडीच्या बांधावरून. मिठागरात राबून त्याची मान अशी झाली होती की ट्रंक खाली ठेवल्यावरही तो तसाच ताठ उभा. आई मात्र गाडीकडे पाठ करून उभी होती. पनवेलच्या बाजारात काहीतरी बघतेय असं दाखवत होती, पण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, दुकानं अजून उघडायची होती.

आईचं म्हणणं तिने आदल्या दिवशीच सगळ्या आळीला ऐकवलं होतं. "मेलेल्यांचा करायला चालली माजी पोर. शिकून काय केलास, तर ह्या." बाबाने ऐकून घेतलं. तुझ्या वेळी आई दोन दिवस अडली होती, तेव्हा पनवेलच्या दवाखान्यातल्या नर्सबाईने येऊन तुम्हा दोघींना वाचवलं होतं. तेव्हापासून बाबाच्या मनात होतं की आपली एक मुलगी तशी झाली पाहिजे. सातवी फायनल झालेल्या मुलींना तेव्हा मुंबईची काही इस्पितळं नर्सिंगला घ्यायची. नर्सबाईनेच अर्ज भरून दिला.

गाडी सुटायच्या आधी बाबा खिडकीशी आला. मला वाटलं काहीतरी मोठं सांगणार. तो म्हणाला, "सुई टोचशील तवा दुखवू नको कुनाला." बस, एवढंच. मी हसले. गाडी वळली तेव्हा मागे कर्नाळ्याचा सुळका दिसत होता, तोही थोडा वेळ दिसला आणि गेला.

तू म्हणशील, हे सगळं मला माहीत आहे, ताई, मग लिहितेस कशाला? कारण एक गोष्ट तुला माहीत नाही. आईलाही नव्हती. ती तोंडावर सांगायला मी दोनदा गावी आले आणि दोन्ही वेळा तुझ्या हातचं जेवून, मुकाट परत गेले. तेव्हा आता लिहितेच. पण ओळीने सांगू दे, एकदम मुद्द्यावर आले तर धीर सुटेल माझा.

हॉस्टेलमध्ये एका खोलीत आम्ही सहाजणी. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, चहाबरोबर पाव. एप्रनला एवढी खळ की वाकलं तर करकर वाजे. मी "नाय" म्हटलं की पोरी फिदीफिदी हसायच्या. तीन महिन्यांत मी "नाही" म्हणायला शिकले, "पाणी"तला णही शिकले. पहिल्या सुट्टीत घरी आले तर आई म्हणाली, "मास्तरनीवानी बोलतेस." त्यात कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मरणाबद्दल आम्हाला एक तास शिकवलं. एका दुपारी, जेवणानंतर, अर्ध्या पोरी पेंगत असताना. आणि तेही काय, तर माणूस गेल्यावर काय करायचं ते. डोळे मिटवायचे, हनुवटी पट्टीने बांधायची, अंग पुसायचं, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधायची. जायच्या आधी काय करायचं? तर बेडभोवती स्क्रीन लावायचा. झालं. स्क्रीनच्या आत माणूस एकटा काय करत असेल, याचा विचार त्या पुस्तकात नव्हता आणि सिस्टरच्या डोक्यातही नसावा.

मग पोरींनी आपापले मार्ग काढले. ड्यूटी बदलताना पहिला प्रश्न असायचा, "बारा नंबर आहे का अजून?" असला तर तोंड उतरायचं. "माझ्या ड्यूटीत नको रे देवा, पुढचीच्या ड्यूटीत ने," असं म्हणून किती जणी खरोखर हात जोडायच्या. स्क्रीन लागला की सगळ्यांना एकदम कामं आठवायची. कुणी औषधं आणायला जाई, कुणी चादरी मोजायला. माझी मैत्रीण फिलोमिना, वसईची, चर्चमध्ये मेणबत्त्या लावून मोठी झालेली पोर. तिच्या वाट्याला पहिलं मरण आलं तेव्हा ती धुण्याच्या खोलीत जाऊन धुतलेलेच बेडपॅन परत धूत बसली. अठरा बेडपॅन. मी जाऊन नळ बंद केला तर माझ्यावरच ओरडली, "पाटील, घाण आहेत ते!"

आणि एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. पहिल्यांदा आम्ही दोघींनी मिळून एका बाईची हनुवटी बांधली, तेव्हा पट्टी सुटली आणि तोंड उघडलं. परत बांधली, परत उघडलं. आम्हाला हसू फुटलं. घाबरून फुटलेलं ते हसू, पण बाहेर तिची सून उभी होती. तिला काय वाटलं असेल? पुढे कित्येक वर्षं मला ती सून रस्त्यात भेटेल अशी भीती वाटायची.

एवढं असूनही पोरींमध्ये मी धीट समजली जायचे. "पाटील, तू जा ना गं," म्हणून मला पुढे करायच्या. कारण मी गावाकडे माणसं जाताना पाहिली होती. आत्या गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. आपल्याकडे मरण घरातच, चुलीपासून चार हातांवर. तुला हे सांगायला नको, पण हा कागद मी फिलोमिनालाही दाखवणार आहे, म्हणून लिहिते: आपल्याकडे माणूस जायला आला की त्याला खाटेवर ठेवत नाहीत. जमीन शेणाने सारवतात, घोंगडी अंथरतात, त्याला भुईवर घेतात आणि तोंडात तुळशीचं पाणी घालतात. खाटेवर गेला तर तो अधांतरी गेला, ना भुईचा ना आभाळाचा. आणि ती वेळ ओळखायची घरच्या बाईने. नाक बसतं, पाय गार पडतात, श्वास थांबतो आणि परत सुरू होतो. फार लवकर खाली घेतलं तर आपणच त्याला लोटलं असं होतं, आणि उशीर झाला तर अधांतरी. आपल्या आईला ही वेळ अचूक कळायची. आळीत कुणाकडेही तिला बोलवायचे.

पहिलं वर्ष सरत आलं असताना आमच्या वॉर्डात चिरनेरकडचे एक म्हातारे होते, नामाकाका म्हणू या. पोटाचा आजार, हाताबाहेर गेलेला. मी एकदा घाईत "थांबा, आनते पानी" असं बोलून गेले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बाय, तू खाडीकडची हायस का गं?" तेव्हापासून मी दिसले की ते गावचं बोलायचे. भाताचं, खाडीतल्या निवट्या माशांचं. त्यांचं माणूस चार वाजता भेटीच्या वेळेला यायचं, तेही रोज नाही.

एका दुपारी सिस्टर जेवायला गेली होती. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. "बाय, मना खाली घे. मी आता जातंय. हितं वर नको." मी नाक पाहिलं, पायांना हात लावला. आई जसं बघायची तसंच. वेळ झाली होती. मी आया सखूबाईला हाक मारली. ती घाटावरची, पण तिच्याकडेही हीच रीत, तिला समजवावं लागलं नाही. दोघींनी दोन बेडच्या मध्ये घोंगडी अंथरली आणि त्यांना खाली घेतलं. तुळस कुठली तिथे, साध्या पाण्याचे दोन चमचे घातले. पाठ जमिनीला लागल्यावर त्यांनी हाताचा पंजा फरशीवर सपाट ठेवला आणि डोळे मिटले. पाव तासात गेले. खरं सांगते शेवंता, इतकं सोपं मरण मी पुढे पाहिलं नाही.

सिस्टर आली आणि किंचाळली, "पेशंट पडला!" मग काय, धावाधाव. मला मेट्रनबाईसमोर उभं केलं. मी खरं ते सांगितलं, आमच्याकडे असं करतात म्हणून. मेट्रनबाई आवाज चढवत नसत. म्हणाल्या, "इथे आपण माणसांना मरायला खाली ठेवत नाही, वाचवायला वर ठेवतो. हे जमत नसेल तर तुझ्या गावी जा." पहिल्या वर्षानंतर नर्सची कॅप मिळायची, ती माझी तीन महिने लांबली. परवानगीवाचून पेशंटला बेडवरून हलवणार नाही, असं माझ्या हाताने लिहून घेतलं. आणि सखूबाईला वॉर्डातून काढून धोबीखान्यात टाकलं. ती माझ्या सांगण्यावरून आली होती. धोबीखान्यासमोरून जाताना मी मान खाली घालून जायचे.

मी हे सगळं घरी कळवलं होतं. बाबाने सांगितलेलं उत्तर तू तुझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून पाठवलं होतंस: "बाबा सांगतंय, त्या मानसाला भुई दिलीस, बरा केलास. बाईसाहेब रागवली तर रागवू दे." ते पत्र वाचून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले होते. आनंदाने. माझ्या बाजूने कुणीतरी होतं.

आणि तरीही शिक्षा माझ्या अंगात शिरली होती. शिक्षेचं असंच असतं. तेव्हा वाटतं, आपण काही बदललो नाही.

दुसऱ्या वर्षी तार आली. बाबा मिठागरातून येताना बांधावर पडला होता. मी पोचले तेव्हा त्याची उजवी बाजू गेलेली, शुद्ध नाही, घशात घरघर. पनवेलचे डॉक्टर एकदा येऊन गेले होते, हलवू नका म्हणाले होते. मग मी पदर खोचला. वॉर्डात शिकले होते ते सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला स्पिरिट लावलं, तोंड ओल्या कापसाने पुसलं. तोंडात पाण्याचा थेंब घालू दिला नाही कुणाला, श्वासनळीत जाईल म्हणून. तुझ्या शाळेच्या वहीचं पान फाडून मी चार्ट केला, आठवतं? नाडी, श्वास, ताप. सगळी आळी दारात उभी राहून बघत होती. आणि आई! जी मला मेलेल्यांचं करायला चालली म्हणाली होती, ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माजी बाय सगळा बघते. डाकतर पन येवडा नाय बघत." तिच्या तोंडून माझ्याबद्दलचं असं काही मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाबाचा श्वास मोजत होते. तो थांबला. मी मोजत राहिले. बऱ्याच वेळाने परत सुरू झाला. नाक बसलं होतं. मी पायांना हात लावला, घोट्यापर्यंत गार.

तेवढ्यात आई मागच्या दाराने आली. हात शेणाने भरलेले, सारवायला घेतलं होतं तिने. पांडूकाकाही ओटीवर येऊन थांबला होता. आईने मला विचारलं, "बाय, येळ झाली का?"

बघ हं, तिने मला विचारलं. ती स्वतः ओळखू शकली असती. उभ्या जन्मात तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. पण मी शिकलेली, मी मुंबईची, म्हणून तिने आपल्या डोळ्यांनी बघितलं नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी म्हणाले, "नाही. अजून दोन दिवस काही होत नाही. हलवायचं नाही त्याला, आणि पाणीही नाही. तुम्ही जेवून घ्या."

आई गेली, हात धुतले. दोन दिवसांची उपाशी होती ती. तू आणि ती ताटावर बसलात. बाबा तेव्हाच गेला. तुमचा दुसरा घासही झाला नसेल. खाटेवर, कोरड्या तोंडाने.

त्यानंतर आईने मला काय काय म्हटलं ते तू ऐकलंस. "अधांतरी ठेवलास गं तू त्याला." दहाव्याला कावळा लगेच शिवला, काका म्हणाला, बघ वहिनी, त्याचं काही राहिलं नाही मागे. आईने तेही मानलं नाही. तेराव्यानंतर मी निघायच्या दिवशी तिने मला एकच प्रश्न केला. ओरडून नाही, अगदी हळू: "तुला कळलेला का नाय?"

मी म्हणाले, "नाही आये. नाही कळलं."

शेवंता, मला कळलं होतं.

हे तुला लिहायचं होतं. नामाकाकांचं मला कळलं होतं आणि बाबाचंही तितकंच स्वच्छ कळलं होतं. वहीत त्या वेळच्या श्वासाच्या रकान्यात मी आकडा लिहिला नाही, जागा रिकामी सोडली. न कळणारी मुलगी आकडा लिहिते. मग का नाही म्हणाले? तेरा-चौदा वर्षं स्वतःला विचारतेय. मेट्रनबाईची भीती होती, हो. अजून एकदा कुणाला खाली घेतलं आणि ते तिकडे कळलं तर? वेडेपणा आहे, आपल्या घरात मेट्रनबाई कुठून येणार! पण होती. दारातल्या लोकांची होती. तीन दिवस मी वाचवणारी होते, खाली घेतलं असतं तर मी पुन्हा आपल्यातलीच एक झाले असते. आणि सगळ्यात खरं म्हणजे, तो खाटेवर होता तोवर पेशंट होता. खाली घेतला असता तर बाबा मरत होता. फिलोमिनाने बेडपॅन धुतले. मी चार्ट केला. माझ्यात आणि तिच्यात काही फरक नव्हता गं, उगाच धीट म्हणून मिरवले.

पुढचं तुला ठाऊक आहे, तूच तर मध्ये पडत होतीस. आईने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. भांडली नाही, ये-जा बंद केली नाही, दिवाळीला पत्र घातलं की ये म्हणायची. मी आले की भाकरी वाढायची. पण मी तांब्या पुढे केला की, "तहान नाय." तेरा वर्षं, प्रत्येक सुट्टीत, "तहान नाय." आणि मग पाच मिनिटांनी तुला हाक मारून पाणी मागायची. मी परत जाताना गाडीत बसून शपथ घ्यायचे की आता यायचं नाही, आणि पुढच्या सुट्टीत पहिल्या गाडीने यायचे.

इकडे मी मोठी होत गेले. स्टाफ नर्स, मग सिस्टर, आता ट्यूटर. पोरी मला बाई म्हणतात. मरणाऱ्या माणसाची सेवा, हा धडा आता मी शिकवते, आणि एका तासात उरकत नाही. स्क्रीनच्या आत जाऊन बसा म्हणते. त्याला काय हवंय ते विचारा म्हणते. पोरी वहीत उतरवून घेतात. खेडेगावातल्या असतात बऱ्याचशा, ट्रंक घेऊन आलेल्या, माझ्यासारख्याच. एकीने विचारलं होतं, "बाई, तुम्हाला कधी भीती वाटली का?" मी नाही म्हणाले. जिभेला सवय झालीय नाही म्हणायची.

गेल्या मार्गशीर्षात तुझं पत्र आलं की आईला आता उठवत नाही. मी महिन्याची रजा टाकली. आता पनवेलला रेल्वे आलीय, तरी मी एसटीनेच आले, का कोण जाणे. आईचे पाय सुजलेले, दोन वाक्यांत धाप लागे. मी आठ दिवस खाटेशी बसून होते. पाणी तू पाजत होतीस.

नवव्या सकाळी मी पाहिलं, श्वास थांबतोय आणि सुरू होतोय. पाय गार. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तुला हाक मारली, "शेवंता, सारव लवकर, आता घेऊया." तू म्हणालीस, "ताई, नक्की?" मी म्हणाले, नक्की. आळी गोळा झाली. आपण दोघींनी तिला उचललं, किती हलकी झाली होती, आणि भुईवर घेतलं. तू तुळशीचं पाणी घातलंस. बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या. काकाचा मुलगा बांबू बघायला गेलादेखील.

आणि अर्ध्या तासाने आईने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं, एवढ्या बायका बघितल्या आणि म्हणाली, "कवा आनलास मना खाली? मेले नाय मी अजून. पेज दे."

तू हसलीस. मग सगळ्याच हसल्या, मेल्या! मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बायका एकेक करून गेल्या, बांबूवाल्याला परत बोलावलं. आईला वर ठेवू म्हटलं तर ती तयार होईना. "एकदा खाली आलेला मानूस परत वर नाय जात." थंडीचे दिवस, खाली गारठा. मी गवत पसरलं, वर दोन गोधड्या घातल्या आणि गुडघ्यांवर बसून तिचं सगळं केलं. नऊ दिवस. इतकी वर्षं पलंगाच्या उंचीवरून माणसं सांभाळली होती, आता माझे गुडघे सोलवटून निघाले.

चौथ्या दिवशी तू तुझ्या घरी गेली होतीस, मुलांचं जेवण बघायला. घरात आम्ही दोघीच. तिला तहान लागली. ती दाराकडे बघत राहिली, तू येतेस का म्हणून. बराच वेळ. मी तांब्या हातात घेऊन बसले होते, पुढे करायची हिंमत नव्हती. मग ती म्हणाली, "दे."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. सगळं फुलपात्र प्यायली. मग धापा टाकत, थांबत थांबत बोलली, "तुला येळ कदी कळलीच नाय गं. त्याच्या येळंला उशीर, माज्या येळंला घाई." आणि हसली. तेरा वर्षांनी माझ्याकडे बघून हसली. "मना वाटायचा, तुला कळलेला. कळून केलास, असा वाटायचा. नाय. माजी पोर येडी हाय, तिला कळतच नाय. उगाच मी राग धरला."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, आये, मला कळलं होतं. पण तिचा हात माझ्या हातात होता आणि ती मला वेडी म्हणत होती, आणि त्या शब्दासाठी मी तेरा वर्षं थांबले होते. मी म्हणाले, "हो आये. नाही कळत मला."

दुसऱ्यांदा. त्याच माणसाशी तेच खोटं.

त्यानंतर पाच दिवस तिने पाणी फक्त माझ्याच हातून घेतलं. तुला गंमत वाटली, तू आळीत सांगत सुटलीस. आई गेली तेव्हा मी मागच्या दारी तिची लुगडी धूत होते आणि शेवटचं पाणी तूच घातलंस. मला वाईट वाटलं असेल असं तुला वाटलं, म्हणून तू माझी समजूत घालत होतीस. मला वाईट वाटलं नव्हतं गं. मला सुटल्यासारखं झालं होतं, कारण ते पाणी माझ्या हातून गेलं असतं तर तेही खोट्यावरचं झालं असतं.

आता इथे इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये बसून लिहितेय. एक खोली, एक खाट, खिडकीतून धोबीखाना दिसतो. आईबाबा गेले, जुनं घर तू बंद केलंस, कुलपाची किल्ली तुझ्या चुलीवरच्या फळीवर असते. लोक विचारतात, बाई तुमचं गाव कुठलं, मी पनवेलकडचं म्हणते. पण गावात आता माझं म्हणावं असं दार एकच आहे, तुझं. तू दोन्ही वेळा मला दारात घेतलंस, पाय धुवायला पाणी दिलंस, मासळी केलीस. ती आईने माफ केलेल्या ताईसाठी होती. ती ताई कुणी नाहीच, शेवंता. जी आहे, तिने बाबाला कळून-सवरून खाटेवर ठेवलं, तुला आणि आईला जेवायला बसवलं, आणि आईला मरेपर्यंत फसवलं. तुझ्याकडे यायचं तर हिनेच यायला हवं. नाहीतर मी कुठल्याही परक्याच्या घरी जेवल्यासारखीच जेवते.

शिमग्याला मला चार दिवस रजा आहे. ये म्हणून दोन ओळी टाकल्यास तर येईन. पत्र आलं नाही तर त्याचा अर्थ काय, ते मला कळेल. या वेळी नाही कळलं असं म्हणणार नाही.